भारसंतुलित वेब सर्व्हरांवरील सत्र सातत्य

सत्र सातत्य म्हणजे एकच संकेतस्थळ अनेक वेब सर्व्हरांवरून चालवले जात असताना वापरकर्त्याची ओळख आणि त्याचे अर्धवट राहिलेले काम प्रत्येक विनंतीच्या वेळी, ती विनंती कोणत्याही सर्व्हरकडे गेली तरी, अबाधित राहील अशी व्यवस्था होय. वापरकर्त्याने संकेतस्थळावर प्रवेश केल्यापासून तो बाहेर पडेपर्यंतच्या परस्परसंबंधित विनंत्यांच्या मालिकेस सत्र किंवा सेशन असे म्हणतात. येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेस भारसंतुलक अथवा लोड बॅलन्सर असे नाव आहे.

हे सातत्य नसेल तर वापरकर्त्याला पुन:पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो, खरेदीची टोपली अचानक रिकामी दिसते, किंवा तासभर खपून भरलेला अर्ज नाहीसा होतो. सातत्य राखण्याचे मुख्य मार्ग चार आहेत: वापरकर्त्याला एकाच सर्व्हरशी बांधून ठेवणे, सत्राच्या प्रती सर्व सर्व्हरांवर ठेवणे, सत्रे एका सामायिक भांडारात ठेवणे आणि सत्रातील माहिती स्वाक्षरी करून वापरकर्त्याकडेच सोपवणे. यांपैकी कोणताही मार्ग माहिती गमावण्याचा धोका पूर्णपणे नाहीसा करीत नाही. तो धोका एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला जातो. म्हणून कोणती माहिती गमावली तर चालेल आणि कोणती मुळीच गमावता येणार नाही, हे ठरवल्यावरच मार्गाची निवड करता येते.

## पार्श्वभूमी

वेबवरील देवाणघेवाण एचटीटीपी या नियमावलीनुसार होते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. शोधनिबंध, सूची, दूरध्वनी क्रमांक अशी लेखी माहिती एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर सहज वाचता यावी, हा तिचा आरंभीचा हेतू होता. वाचकाने पान मागायचे आणि सर्व्हरने ते द्यायचे, एवढेच या व्यवहाराचे स्वरूप असल्याने आधीची विनंती लक्षात ठेवण्याची गरज नव्हती. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असते आणि सर्व्हर मागील विनंतीची आठवण ठेवत नाही, या गुणधर्मास स्थितिहीनता म्हणतात. एचटीटीपीची १.० ही आवृत्ती मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाली. तिच्यातही हा गुणधर्म कायम होता.

स्थितिहीनता हा दोष नव्हे. आठवण ठेवावी लागत नसल्यामुळे सर्व्हर साधा राहतो आणि कोणतीही विनंती कोणत्याही सर्व्हरने हाताळली तरी उत्तर तेच येते. रॉय फिल्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात रेस्ट ही वेबची रचनाशैली मांडताना स्थितिहीनतेला तिच्या मूलभूत अटींमध्ये स्थान दिले आहे. अडचण सुरू झाली ती वेबवर दुकाने, बँका आणि अर्ज आल्यावर. कारण या व्यवहारांत दुसरी पायरी पहिलीवर अवलंबून असते.

## कुकी आणि सत्र

या अडचणीवरील उपाय नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये शोधला. एका ग्राहक-कंपनीला ऑनलाइन खरेदीची सोय करायची होती. मात्र खरेदीचा अर्धवट तपशील आपल्या सर्व्हरवर साठवण्याची तिची इच्छा नव्हती. मॉन्टुली यांनी हा तपशील वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्येच एका लहानशा नोंदीच्या रूपात ठेवण्याची युक्ती काढली. या नोंदीस कुकी असे म्हणतात. सर्व्हर उत्तरासोबत कुकी पाठवतो आणि ब्राउझर त्याच संकेतस्थळाकडे जाणाऱ्या पुढील प्रत्येक विनंतीसोबत ती परत पाठवतो. कुकीचे वर्तन सध्या ज्या दस्तऐवजाच्या आधारे समजून घेतले जाते, तो आरएफसी ६२६५ एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे बहुतेक संकेतस्थळांनी या युक्तीचा उपयोग थोड्या वेगळ्या रीतीने केला. सगळा तपशील कुकीत न ठेवता तिच्यात केवळ एक लांबलचक, अंदाज करता न येणारा क्रमांक ठेवायचा आणि त्या क्रमांकाखालील तपशील सर्व्हरवर साठवायचा, ही पद्धत रूढ झाली. या क्रमांकास सत्रक्रमांक म्हणतात. पीएचपी या संगणकभाषेत सत्राची अंगभूत सोय मे २००० मधील चौथ्या आवृत्तीपासून आली. तीत सत्राचा तपशील मूळ मांडणीनुसार त्या सर्व्हरच्या डिस्कवरील एका फाईलमध्ये लिहिला जातो आणि १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, वापर झाला नाही तर ती फाईल टाकाऊ मानली जाते. जावाच्या वापरात असलेल्या टॉमकॅट या सर्व्हरमध्ये सत्र संगणकाच्या स्मृतीत राहते आणि त्याची मूळ मुदत ३० मिनिटांची असते.

या दोन्ही व्यवस्थांमध्ये एक गृहीतक दडलेले आहे: पुढची विनंती याच सर्व्हरकडे येईल.

## समस्येचे स्वरूप

एका सर्व्हरची क्षमता अपुरी पडू लागली की त्याच आज्ञावली चालवणारे आणखी सर्व्हर जोडले जातात आणि त्यांच्यापुढे भारसंतुलक ठेवला जातो. विली तारो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले एचएप्रॉक्सी आणि इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले एन्जिनएक्स ही या कामासाठी वापरली जाणारी दोन परिचित मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. विनंत्या वाटण्याची सर्वांत साधी रीत पाळीपाळीची असते: पहिली विनंती पहिल्या सर्व्हरला, दुसरी दुसऱ्याला, याप्रमाणे.

समजा, अ, ब, क आणि ड असे चार सर्व्हर आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या डिस्कवर सत्रे साठवतो. एका विद्यार्थिनीने प्रवेशअर्ज भरण्यासाठी पासवर्ड दिला. ती विनंती अ कडे गेली आणि तिचे सत्र अ वर तयार झाले. तिने अर्जाचा पहिला भाग भरून पुढे जाण्याची कळ दाबली. ती विनंती ब कडे गेली. ब ला कुकीतील सत्रक्रमांक मिळाला, परंतु त्याच्या डिस्कवर त्या क्रमांकाची फाईल नाही. त्याच्या दृष्टीने ही विद्यार्थिनी अनोळखी आहे. म्हणून तो तिला पुन्हा प्रवेशाच्या पानावर पाठवतो. विनंत्या पाळीऐवजी यदृच्छेने वाटल्या तरी फारसा फरक पडत नाही. प्रवेशानंतरच्या पाच विनंत्या त्याच सर्व्हरकडे जाण्याची शक्यता अशा वेळी १०२४ मध्ये केवळ १ असते.

हा बिघाड ओळखणे अवघड असते, कारण एकच सर्व्हर असलेल्या चाचणीच्या यंत्रणेत तो कधीच दिसत नाही. प्रत्यक्ष वापरात तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. वापरकर्त्याचा मात्र आपलेच काही चुकले असा समज होतो.

सर्वच पानांना सत्राची गरज नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्रातील दहावी-बारावीचा निकाल पाहताना परीक्षार्थी आसनक्रमांक आणि आईचे नाव देतो. उत्तरासाठी लागणारी सर्व माहिती त्या एका विनंतीतच असल्याने ती कोणत्याही सर्व्हरकडे गेली तरी अडत नाही. प्रवेशअर्ज हा मात्र अनेक पायऱ्यांचा व्यवहार आहे. निकालाचे पान आणि प्रवेशअर्ज यांच्यावरील गर्दी सारखीच असली तरी त्यांच्यापुढील प्रश्न वेगवेगळे असतात, ते यामुळे.

## सातत्य राखण्याचे मार्ग

चारही मार्ग समजण्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचे उदाहरण उपयोगी पडते. रुग्ण दुसऱ्यांदा आला असता त्याचा पूर्वेतिहास डॉक्टरांना चार प्रकारे कळू शकतो. तो दर वेळी त्याच डॉक्टरांकडे पाठवला जाईल. किंवा सर्व डॉक्टर एकमेकांच्या नोंदी उतरवून घेतील. किंवा नोंदी अभिलेख कक्षात राहतील आणि कोणतेही डॉक्टर त्या मागवून घेतील. किंवा सही-शिक्क्याचा केसपेपर रुग्णाच्याच हाती राहील.

### एकाच सर्व्हरशी बांधणी

या मार्गात भारसंतुलक एका वापरकर्त्याच्या सर्व विनंत्या एकाच सर्व्हरकडे पाठवतो. अशा सत्रास चिकट सत्र किंवा स्टिकी सेशन म्हणतात. मूळ आज्ञावलीत काहीही बदल करावा लागत नाही, हा याचा मोठा लाभ.

वापरकर्ता ओळखण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत आयपी पत्त्याची. एन्जिनएक्समधील या प्रकारच्या सोयीत आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्त्याच्या चार भागांपैकी पहिले तीन भाग विचारात घेतले जातात. त्यामुळे शेजारशेजारचे २५६ पत्ते एकाच सर्व्हरकडे जातात. मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, तसेच एखाद्या महाविद्यालयातील सर्व संगणक बाहेरून एकाच पत्त्याचे दिसू शकतात. अशा वेळी एका सर्व्हरवर झुंबड उडते आणि बाकीचे रिकामे राहतात. उलटपक्षी, प्रवासात मोबाइलचा पत्ता बदलला की सत्र तुटते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एओएल या सेवेच्या ग्राहकांबाबत असेच घडत असे. एकाच ग्राहकाच्या लागोपाठच्या विनंत्या वेगवेगळ्या मध्यस्थ सर्व्हरांतून, म्हणून वेगवेगळ्या पत्त्यांवरून, येत असत.

दुसरी रीत कुकीची. भारसंतुलक स्वतःची एक कुकी देतो आणि तिच्यात सर्व्हरची खूण ठेवतो. किंवा सर्व्हरच सत्रक्रमांकाच्या शेवटी आपली खूण जोडतो, जशी टॉमकॅटमध्ये सोय आहे. ही रीत अधिक विश्वासार्ह आहे. मात्र एचटीटीपीएसमध्ये कुकी कूटबद्ध स्वरूपात प्रवास करते; ती वाचायची तर कूटबद्ध जोडणी भारसंतुलकापाशीच उलगडावी लागते.

या मार्गाची खरी मर्यादा सर्व्हर बंद पडल्यावर दिसते. चारांपैकी एक सर्व्हर बंद पडला तर सुमारे एक चतुर्थांश वापरकर्त्यांची सत्रे त्याच्याबरोबर जातात. शिवाय गर्दी वाढली म्हणून नवा सर्व्हर जोडला तरी जुन्या सर्व्हरांशी बांधले गेलेले वापरकर्ते त्याच्याकडे वळत नाहीत. ज्या वेळी मदत हवी असते नेमक्या त्याच वेळी ती उशिरा पोहोचते.

### सुसंगत हॅशिंग

पत्त्यावरून किंवा सत्रक्रमांकावरून सर्व्हर ठरवण्यासाठी हॅश नावाची गणिती क्रिया वापरतात. तिच्यातून मिळालेल्या संख्येला सर्व्हरांच्या संख्येने भागून जी बाकी उरेल, त्या क्रमांकाचा सर्व्हर निवडायचा, ही साधी रीत आहे. सर्व्हर चारचे पाच झाले की तिचा दोष उघड होतो. एखाद्या संख्येला ४ ने आणि ५ ने भागल्यावर सारखीच बाकी उरण्याचे प्रसंग दर २० संख्यांमागे ४ असतात. म्हणजे सुमारे एक पंचमांश वापरकर्ते जागच्या जागी राहतात आणि चार पंचमांश वापरकर्त्यांचा सर्व्हर बदलतो.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड कार्गर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये सुसंगत हॅशिंग ही पद्धत मांडली. तीत सर्व्हर आणि वापरकर्ते या दोहोंना एका काल्पनिक वर्तुळावर स्थाने दिली जातात. वापरकर्त्याच्या स्थानापासून पुढे जाताना जो सर्व्हर प्रथम लागेल तो त्याचा. नवा सर्व्हर आला की तो केवळ आपल्या लगतचा हिस्सा घेतो. चाराचे पाच होताना आता सरासरीने एक पंचमांश वापरकर्तेच हलतात. सामायिक भांडार अनेक यंत्रांवर विभागतानाही ही पद्धत उपयोगी पडते.

### सर्व सर्व्हरांवर प्रती

या मार्गात एका सर्व्हरवर सत्र बदलले की त्याची प्रत इतरांकडे पाठवली जाते. एक सर्व्हर बंद पडला तरी दुसऱ्याकडे प्रत असते. मात्र सर्व्हरांची संख्या वाढते तसा परस्परांतील संदेशांचा भार झपाट्याने वाढतो. प्रत्येक सर्व्हरवर एकेक बदल झाला असे धरले तर ४ सर्व्हरांमध्ये १२ संदेश जातात आणि १० सर्व्हरांमध्ये ९०. त्याखेरीज प्रत्येक सर्व्हरला सर्वांची सत्रे स्मृतीत बाळगावी लागतात. म्हणून हा मार्ग मोजक्या सर्व्हरांच्या गटासाठीच योग्य मानला जातो. टॉमकॅटमध्ये सर्वांकडे प्रत पाठवण्याच्या व्यवस्थेबरोबरच केवळ एका राखीव सर्व्हरकडे प्रत पाठवण्याचीही व्यवस्था आहे.

प्रत पाठवण्याची वेळही महत्त्वाची असते. प्रत पोहोचल्याची खात्री करून मगच वापरकर्त्याला उत्तर दिले तर उत्तरास विलंब लागतो. उत्तर आधी देऊन प्रत मागाहून पाठवली तर मधल्या क्षणी सर्व्हर बंद पडल्यास शेवटचा बदल हरवतो.

### सामायिक भांडार

या मार्गात वेब सर्व्हर स्वतःजवळ सत्र ठेवतच नाहीत. सर्व सत्रे एका वेगळ्या भांडारात असतात आणि प्रत्येक विनंतीच्या वेळी सर्व्हर सत्रक्रमांकावरून तेथून तपशील आणतो. नेहमीच्या डेटाबेसचाही यासाठी उपयोग करता येतो. परंतु प्रत्येक विनंतीमागे वाचन आणि लेखन होत असल्याने स्मृतीवर आधारलेली जलद भांडारे अधिक सोयीची ठरतात. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी तयार केलेले मेमकॅश्ड आणि साल्वातोरे सानफिलिपो यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले रेडिस ही त्यांतील दोन प्रसिद्ध नावे होत.

लागणारी जागा फारशी नसते. प्रत्येक सत्र ४ किलोबाइटचे धरले तर १ लाख सत्रांना सुमारे ४०० मेगाबाइट पुरतात. वेब सर्व्हर केव्हाही जोडता अथवा काढता येतात, हा या मार्गाचा मुख्य लाभ आहे. २०११ च्या सुमारास हिरोकू या सेवेतील अनुभवातून पुढे आलेल्या ‘बारा घटकांच्या’ आज्ञावली-रचनेतही चिकट सत्रे टाळून मुदतबंद भांडाराचा वापर करण्याचा सल्ला दिलेला आहे.

तथापि, सर्वांची सत्रे एका ठिकाणी आली म्हणजे ते ठिकाण बंद पडताच सर्वांचीच सत्रे जातात. मेमकॅश्डमधील माहिती केवळ स्मृतीत असते; ते पुन्हा सुरू केले की भांडार रिकामे होते. जागा अपुरी पडली की त्यातून बरेच दिवस न वापरलेल्या नोंदी गाजावाजा न करता काढून टाकल्या जातात. पानांच्या तात्पुरत्या प्रती आणि सत्रे एकाच भांडारात ठेवली तर गर्दीच्या वेळी पानांच्या प्रती सत्रांना बाहेर ढकलतात. यासाठी दोहोंची भांडारे वेगळी ठेवणे हिताचे असते. रेडिसमध्ये माहिती डिस्कवर लिहिण्याची आणि दुसऱ्या यंत्रावर प्रत ठेवण्याची सोय आहे. पण ती प्रत मूळ मांडणीनुसार मागाहून जाते, त्यामुळे मुख्य यंत्र बंद पडताना अगदी शेवटचे बदल हरवू शकतात.

### स्वाक्षरीयुक्त टोकन

चौथ्या मार्गात तपशील वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्येच राहतो, मात्र त्यावर सर्व्हरची संगणकीय स्वाक्षरी असते. तपशिलात एका अक्षराचा फेरफार केला तरी स्वाक्षरी जुळत नाही. अशा टोकनाचा एक प्रमाणित प्रकार जेडब्ल्यूटी या नावाने मे २०१५ मध्ये आरएफसी ७५१९ मध्ये नोंदवला गेला. भांडाराची गरज उरत नाही आणि कोणताही सर्व्हर स्वतःच पडताळणी करू शकतो. त्यासाठी सर्व सर्व्हरांवर पडताळणीची किल्ली जुळती असावी लागते. अन्यथा अ ने सही केलेले टोकन ब नाकारतो आणि मूळ समस्या नव्या वेषात परत येते. मुदत तपासायची असल्याने सर्व सर्व्हरांची घड्याळेही जुळलेली असावी लागतात.

स्वाक्षरीमुळे मजकूर बदलता येत नाही, परंतु वाचता येतो; म्हणून गोपनीय माहिती टोकनात ठेवू नये, किंवा ते कूटबद्ध करावे. आकाराचीही मर्यादा आहे. ब्राउझरने एका कुकीसाठी किमान ४०९६ बाइटांची सोय ठेवावी, अशी अपेक्षा असते आणि बहुतेक ब्राउझर साधारण तेवढीच ठेवतात. देवनागरीतील प्रत्येक संकेतचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. कुकीत पाठवण्यासाठी टक्केचिन्हाच्या रूपात लिहिले तर तेच ९ बाइट होते. ‘पुणे’ या शब्दात दोन व्यंजने आणि दोन स्वरचिन्हे मिळून ४ संकेतचिन्हे आहेत. त्यांचे १२ बाइट होतात आणि टक्केचिन्हांच्या रूपात ३६. या हिशेबाने एका कुकीत जास्तीत जास्त ४५५ देवनागरी संकेतचिन्हे मावतात. मराठीत भरलेला अर्ज अशा जागेत ठेवता येत नाही.

सर्वांत मोठी अडचण टोकन रद्द करण्याची आहे. सामायिक भांडारातील सत्र पुसून टाकता येते. परंतु वापरकर्त्याच्या हाती गेलेले टोकन मुदत संपेपर्यंत वैध राहते. मोबाइल चोरीला गेला आणि मालकाने पासवर्ड बदलला, तरी जुने टोकन चालतच राहू शकते. यावर मुदत काही मिनिटांचीच ठेवणे किंवा रद्द टोकनांची यादी ठेवणे हे उपाय आहेत. अशी यादी ठेवली की सामायिक भांडार पुन्हा आलेच.

## मार्गांची तुलना

| मार्ग | सत्र कोठे राहते | एक वेब सर्व्हर बंद पडल्यास | मुख्य मर्यादा |
|---|---|---|---|
| एकाच सर्व्हरशी बांधणी | त्या सर्व्हरवर | त्याच्याकडील सत्रे जातात | भार असमान होतो |
| सर्व सर्व्हरांवर प्रती | प्रत्येक सर्व्हरवर | सत्रे टिकतात. शेवटचा बदल हरवू शकतो | संदेशांचा वाढता भार |
| सामायिक भांडार | वेगळ्या यंत्रावर | सत्रे टिकतात | भांडार बंद पडल्यास सर्वांना फटका |
| स्वाक्षरीयुक्त टोकन | ब्राउझरमध्ये | सत्रे टिकतात | रद्द करणे कठीण. आकार मर्यादित |

## माहितीची सुसंगती

सत्र सापडणे आणि त्यातील माहिती बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापरकर्त्याने एकच संकेतस्थळ दोन टॅबमध्ये उघडले आणि दोन्हींतून जवळजवळ एकाच वेळी टोपलीत वस्तू टाकल्या, तर दोन सर्व्हर जुनी टोपली वाचतात, आपापली वस्तू तीत घालतात आणि लिहितात. नंतर लिहिणारा आधीच्याचे लिखाण पुसतो. टोपलीत दोनांऐवजी एकच वस्तू उरते. पीएचपीमध्ये फाईलवर साठवलेल्या सत्राला विनंती पूर्ण होईपर्यंत कुलूप लागते, त्यामुळे एका सर्व्हरवर हा दोष दिसत नाही. सत्रे सामायिक भांडारात हलवल्यावर असे कुलूप आपोआप मिळेलच याची खात्री नसते. ते स्वतंत्रपणे पाहावे लागते.

दुसरा प्रश्न प्रतींच्या विलंबाचा. मोठ्या यंत्रणेत लेखन मुख्य डेटाबेसवर आणि वाचन त्याच्या प्रतींवर होते. वापरकर्त्याने पत्ता बदलून जतन केला आणि पुढील पान मागे पडलेल्या प्रतीवरून आले, तर त्याला जुनाच पत्ता दिसतो. झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रातील डग्लस टेरी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा यंत्रणांसाठी सत्रहमी ही संकल्पना मांडली. तिच्यात चार हमी आहेत: आपण लिहिलेले आपल्याला दिसावे, एकदा नवी माहिती दिसल्यावर पुन्हा जुनी दिसू नये, आपले लेखन क्रमाने नोंदले जावे, आणि वाचून केलेले लेखन वाचलेल्या गोष्टीनंतरच नोंदले जावे. सर्व जगाला एकाच क्षणी सारखे चित्र दिसले नाही तरी चालते. मात्र एका माणसाला स्वतःच्या कामाचे चित्र उलटसुलट दिसू नये, असा या विचाराचा आशय आहे.

या मर्यादा केवळ रचनाकारांच्या हलगर्जीपणातून आलेल्या नाहीत. एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये मांडलेल्या आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, यंत्रांमधील संपर्क तुटला असताना सर्वांना अद्ययावत माहिती देणे आणि प्रत्येक विनंतीला उत्तर देणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येत नाहीत.

## सत्र आणि कायम नोंद

सत्र ही तात्पुरती स्मृती आहे. पैसे भरल्याची नोंद, सादर केलेला अर्ज, घेतलेले आरक्षण यांची जागा सत्रात नसून कायमस्वरूपी डेटाबेसमध्ये असते. पैसे भरताना वापरकर्ता बँकेच्या पानावर जातो आणि तेथून परत येतो. दरम्यान सत्र हरवले तर परतलेला वापरकर्ता अनोळखी ठरतो. व्यवहाराची नोंद आधीच एका स्वतंत्र क्रमांकाखाली झालेली असेल तर सत्र गेले तरी पैशाचा हिशेब लागतो. याच क्रमांकामुळे वापरकर्त्याने गोंधळून कळ दोनदा दाबली तरी सर्व्हरला दुसरी विनंती ओळखता येते आणि पैसे दोनदा कापले जात नाहीत. लांबलचक अर्जाचा प्रत्येक भाग भरून होताच मसुदा म्हणून डेटाबेसमध्ये ठेवणे, हाही याच तत्त्वाचा भाग आहे.

विकिपीडियाच्या संपादकांना या विषयाचा परिचय एका सूचनेतून होतो. मीडियाविकी या सॉफ्टवेअरमध्ये संपादनाच्या अर्जासोबत एक गुप्त खूण पाठवली जाते आणि जतन करताना ती सत्राशी ताडून पाहिली जाते. सत्राची माहिती गहाळ झाली असेल तर संपादन स्वीकारले जात नाही. मात्र लिहिलेला मजकूर संपादनपेटीत तसाच दाखवून पुन्हा जतन करण्यास सांगितले जाते. सत्र हरवले तरी लेखकाचे श्रम वाया जात नाहीत.

## सुरक्षा

सत्रक्रमांक ज्याच्या हाती लागेल त्याला सर्व्हर मूळ वापरकर्ता समजतो. एरिक बटलर यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचे ब्राउझर-जोडसाधन प्रसिद्ध करून हे सर्वांच्या नजरेस आणले. उघड्या वायफायवरून कूटबद्ध न करता जाणाऱ्या कुकी टिपून दुसऱ्याच्या खात्यात शिरता येते, हे त्याने दाखवून दिले. पुढील काळजी त्यामुळे आवश्यक मानली जाते:

- संपूर्ण संकेतस्थळ एचटीटीपीएसवर चालवावे आणि सत्राची कुकी केवळ सुरक्षित जोडणीवरूनच जाईल अशी खूण तिला द्यावी.
- पानावरील स्क्रिप्टला कुकी वाचता येऊ नये.
- पासवर्ड स्वीकारताच सत्रक्रमांक बदलावा. तसे न केल्यास कोणी आधीच हाती दिलेल्या क्रमांकावर प्रवेश करवून घेऊ शकतो.
- बाहेर पडताना केवळ ब्राउझरमधील कुकी न पुसता भांडारातील सत्रही पुसावे.
- सामायिक भांडार बाहेरील जाळ्यासाठी खुले ठेवू नये, कारण तेथे सर्वांची सत्रे एकत्र असतात.

## देखभाल आणि चाचणी

सर्व्हर दुरुस्तीसाठी काढताना तो एकदम बंद करीत नाहीत. भारसंतुलक त्याच्याकडे नवे वापरकर्ते पाठवणे थांबवतो आणि हाती असलेल्या विनंत्या पूर्ण होऊ देतो. चिकट सत्रे असतील तर ती संपेपर्यंत, म्हणजे कधीकधी अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक, वाट पाहावी लागते. सामायिक भांडार असेल तर काही सेकंद पुरतात. आज्ञावलीची नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने बसवताना काही काळ जुने आणि नवे सर्व्हर एकत्र चालतात. अशा वेळी एकाने लिहिलेले सत्र दुसऱ्याला वाचता आले पाहिजे.

सत्र सातत्याची चाचणी घेण्यासाठी किमान दोन सर्व्हर लागतात. प्रवेश करून, अर्ज अर्धा भरून, तो हाताळणारा सर्व्हर मुद्दाम बंद करावा आणि पुढची कळ दाबावी. अर्ज पुढे सरकला, तर वेब सर्व्हर बंद पडण्यापुरती व्यवस्था पुरेशी आहे. हीच चाचणी नंतर भांडार बंद करून आणि दोन टॅब उघडून पुन्हा घेतली, म्हणजे निवडलेल्या मार्गाने धोका कोठे हलवला आहे ते समजते.